पॉली आयसीची कुपी : तीन वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना गाभण उंदरांवर मॅटर्नल इम्यून अ‍ॅक्टिव्हेशनचं (आईची प्रतिकारशक्ती मुद्दाम चेतवून पिल्लांवर काय परिणाम होतो ते बघण्याचं) मॉडेल उभं करायचंय आणि कुठली पावडर मागवू, किती मागवू असं विचारत फिरताय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, पण ज्या गरोदर बायका "आईला ताप आला तर बाळाच्या मेंदूवर परिणाम" असलं काहीतरी वाचून रात्री जाग्या आहेत त्यांनीही वाचा, तुमच्यासाठीचा भाग शेवटाकडे आहे आणि मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो.

आधी हे प्रॉडक्ट म्हणजे काय ते. पॉली आयसी हा लॅबमध्ये बनवलेला दुहेरी धाग्याचा आरएनए. बरेच व्हायरस पेशीत शिरून आपली नक्कल काढतात तेव्हा असा दुहेरी आरएनए तयार होतो, म्हणून आपल्या शरीराला तो दिसला की टीएलआर-३ नावाचा रिसेप्टर लगेच ओरडतो, व्हायरस आला, आणि पुढची सगळी धावपळ सुरू होते. खरं तर व्हायरस नसतोच, काही वाढत नाही, काही पसरत नाही, फक्त अलार्म वाजतो. आणि याच कारणासाठी हे वापरतात, कारण आई आजारी पडल्यावर पिल्लावर जो परिणाम होतो तो व्हायरस पिल्लापर्यंत पोचल्यामुळे होतो की आईच्या शरीराने दिलेल्या उत्तरामुळे होतो, हा प्रश्न वेगळा काढता येतो.

कुपी उघडण्यापासून सुरुवात करते. पांढरी, कापसासारखी हलकी पावडर असते, झाकण फिरवलं की थोडी झाकणालाच चिकटून वर येते, त्यामुळे आधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये दोन मिनिटं फिरवून घ्या आणि मगच उघडा. सलाइन घातलं की विरघळल्यासारखं वाटतं पण उजेडासमोर धरलं तर आत पारदर्शक जेलीचे धागे तरंगताना दिसतात, ते दिसेनासे होईपर्यंत थांबायचं. कंपनीच्या पत्रकात दिलेल्या तापमानाला वॉटर बाथमध्ये ठेवायचं आणि मग बाथ बंद करून त्यातच हळूहळू थंड होऊ द्यायचं, म्हणजे सुटलेले धागे पुन्हा नीट जोडीने बसतात. मी पहिल्यांदा घाईत कुपी काढून थेट बर्फात ठेवली होती, आमच्या लॅबच्या मॅडमनी बघितलं आणि ते सगळं फेकायला लावलं, तेव्हा राग आला होता पण त्या बरोबर होत्या. लांब धाग्यांचं असेल तर सोल्यूशन जरा घट्टसर लागतं, पिपेटने ओढताना सावकाश ओढा नाहीतर दर वेळी कमी-जास्त येतं.

आता ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसले तो मुद्दा, वजन. काही पॅकिंगमध्ये पावडरच्या एकूण वजनात खरं पॉली आयसी दहावा हिस्साच असतं, बाकी सगळं बफरचं मीठ. पेपरमध्ये लिहिलेलं असतं किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅमच्या मादीला अर्धा मिलिग्रॅम, आणि तुम्ही जर पावडर तोलून अर्धा मिलिग्रॅम घेतलंत तर मादीच्या अंगात प्रत्यक्षात त्याचा दहावा हिस्साच गेला, मग तिला काहीच झालं नाही, पिल्लंही नॉर्मल, आणि तुम्ही सहा महिन्यांनी म्हणणार की हे मॉडेल चालत नाही. उलटी चूक केली तर दहापट डोस. ही चूक मी स्वतः करता करता वाचले, शेजारच्या बाकावरच्या सीनियरने लेबलवरची बारीक ओळ बोट ठेवून दाखवली म्हणून. तर लेबल वाचताना आकडा कशाचा आहे ते बघा, पावडरचा की पॉली आयसीचा, आणि पेपर लिहिताना तेही लिहा, कित्येक जुन्या पेपरमध्ये ते सापडतच नाही.

दुसरा त्रास लॉटचा, म्हणजे कंपनीने एका खेपेत बनवलेल्या मालाचा. कंपनीचं नाव घेत नाही, पण माझा अनुभव सांगते. पहिला लॉट संपला, तोच कॅटलॉग नंबर परत मागवला, तोच डोस, तोच दिवस, उंदरांची तीच जात. पहिल्या लॉटला माद्या दुसऱ्या दिवशी थोडं वजन गमवायच्या आणि तीन दिवसांत सावरायच्या. नव्या लॉटला आठपैकी पाच माद्यांचे गर्भ गेले. सकाळी पिंजऱ्याशी गेले तर एक मादी घरट्याच्या कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेली, अंगावरचे केस उभे, डोळे अर्धे मिटलेले, आणि खालच्या भुशावर रक्ताचा डाग. अ‍ॅनिमल हाऊसमधले काका काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त पिंजऱ्यावरचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी कंपनीला मेल केला, उत्तर आलं की लॉट क्वालिटी चेकमध्ये पास आहे. असेलही, पण त्यांचा चेक शुद्धतेचा, आणि माझ्या माद्यांना फरक पडतो तो धाग्यांच्या लांबीने.

हे फक्त माझ्या बाबतीत झालं असंही नाही. २०१९ मध्ये या विषयावर एकामागोमाग एक पेपर आले, वेगवेगळ्या ठिकाणून घेतलेल्या पॉली आयसीचे धागे वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब धाग्यांचं आईला जास्त जोरात लागतं, आणि काही कुप्यांमध्ये बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिनही मिसळलेलं असतं. एंडोटॉक्सिन म्हणजे तर दुसराच अलार्म, टीएलआर-४ चा. म्हणजे तुम्ही समजताय व्हायरसची नक्कल करतोय आणि निम्मी नक्कल बॅक्टेरियाची होतेय. त्याच वर्षी या मॉडेलसाठी एक चेकलिस्टही प्रसिद्ध झाली, काय काय लिहायचं त्याची, कंपनी, लॉट नंबर, धाग्याची लांबी, डोस, टोचण्याची वेळ, पिंजऱ्याचा प्रकार, खाद्य, सगळं. नवीन सुरू करत असाल तर ती छापून टेबलाजवळ चिकटवा, मी चिकटवलीये.

मग काम करतं का हे? करतं, आणि नीट जमवलं की थक्क व्हायला होतं. गर्भधारणेच्या साधारण साडेबाराव्या दिवशी, म्हणजे उंदराच्या १९-२० दिवसांच्या गरोदरपणात मधोमध कुठेतरी, एकच इंजेक्शन. दोन-तीन तासांत आईच्या रक्तात आयएल-६ (प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते एक प्रथिन) चढतं, एक-दोन दिवसांत ती सावरते, आणि पिल्लं जन्मतात ती बघायला अगदी साधी, वजन ठीक, दूध पितात, पळतात. फरक कळतो तो वागणुकीत. २००७ मध्ये पॉल पॅटरसन यांच्या लॅबने दाखवलं की पॉली आयसी न देता गाभण मादीला नुसतं आयएल-६ टोचलं तरी पिल्लं मोठेपणी तशीच वागतात, आणि पॉली आयसीसोबत आयएल-६ अडवणारी अँटिबॉडी दिली तर तो परिणाम होत नाही. म्हणजे पिल्लाच्या मेंदूपर्यंत जाणारी गोष्ट आईच्या शरीरातूनच निघाली होती. पुढे २०१६ मध्ये ग्लोरिया चोई आणि जून हू यांच्या गटाने आयएल-१७ए या तसल्याच दुसऱ्या प्रथिनाचा धागा पकडला, आईच्या टीएच-१७ नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी ते सोडतात, पिल्लाच्या मेंदूच्या सालीत (कॉर्टेक्समध्ये) काही जागी थरांची रचना विस्कटते, आणि आयएल-१७ए अडवलं तर पिल्लं या परिणामातून वाचतात. मला स्वतःला यातला आईच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाचा भाग सगळ्यात जास्त आवडतो, आईच्या आतड्यात एसएफबी नावाचे दोऱ्यासारखे बॅक्टेरिया असतील तर टीएच-१७ पेशी तयार असतात आणि पॉली आयसी जोरात लागतं, नसतील तर तेच इंजेक्शन फुसकं जातं, आणि आईला आधी व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन ते बॅक्टेरिया मारले तरी पिल्लं नॉर्मल निघतात. हे २०१७ मध्ये आलं. एका ठिकाणचे उंदीर घेतले तर मॉडेल चालतं, दुसऱ्या ठिकाणचे घेतले तर चालत नाही, हे आधी लोक नशिबावर घालायचे.

वागणूक मोजायची म्हणजे काय करायचं ते सांगते, कारण पेपरमध्ये एका वाक्यात उरकतात. आठवडाभराचं पिल्लू आईपासून पाच मिनिटं वेगळं करून डबीत ठेवतात, ते आईला हाका मारतं पण त्या हाका आपल्या कानाच्या पलीकडच्या, २० हजार हर्ट्झच्या बऱ्याच वर. खोलीत पूर्ण शांतता असते, पिल्लू बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, तोंड उघडतंय मिटतंय, ऐकू काहीच येत नाही आणि समोर स्क्रीनवर मात्र एकामागून एक वाकड्या रेघा उमटत जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रेकॉर्डिंग संपल्या संपल्या पिल्लू उचलून घरट्यात ठेवलं, नोंद नंतर लिहिली. पण इथेच एक कळीची गोष्ट आहे, एका गटाच्या पेपरमध्ये अशा पिल्लांच्या हाका कमी झालेल्या आहेत आणि दुसऱ्या गटाच्या पेपरमध्ये वाढलेल्या, आणि दोन्हीकडे ते ऑटिझमशी जुळणारं लक्षण म्हणून मांडलंय. मला ते पटत नाही. कमी झालं तरी लक्षण आणि जास्त झालं तरी लक्षण, असं म्हणायला आपल्याकडे आधी कारण पाहिजे.

मोठं झाल्यावर तीन कप्प्यांची टेस्ट, एका बाजूला अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला नुसती वस्तू, आपला उंदीर कुणाजवळ किती वेळ घालवतो ते बघायचं. मग भुश्यावर गोट्या मांडून किती पुरतो ते मोजायचं, वारंवार तेच तेच करण्याचं माप म्हणून. आणि प्रीपल्स इनहिबिशन, मोठा आवाज आला की कुणीही दचकतं, पण त्याच्या क्षणभर आधी बारीक आवाज दिला तर दचकणं कमी होतं, या पिल्लांमध्ये ते पुरेसं कमी होत नाही, आणि स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांमध्येही ही गोष्ट दिसते. माझ्या हातात सगळ्यात भरवशाची हीच टेस्ट ठरली, कारण माणसाला बसून गोट्या मोजाव्या लागत नाहीत, मशीन मोजतं. मादी पिल्लांपेक्षा नरांमध्ये परिणाम जास्त दिसतो असं बऱ्याच ठिकाणी सापडतं, पण म्हणून मादी पिल्लं सोडून देऊ नका, तो डेटा नंतर मिळत नाही.

आणि कृपा करून पिल्लं मोजून नमुन्याची संख्या फुगवू नका. इंजेक्शन आईला दिलंय, पिल्लाला नाही. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ प्रयोग होत नाहीत, तो एकच प्रयोग. मी पहिल्या वर्षी चार आयांची तीस पिल्लं घेऊन फार सुंदर ग्राफ काढला होता, मॅडमनी आईनुसार रंग द्यायला सांगितले, दिले तर सगळा फरक एकाच आईच्या पिल्लांमधून येत होता. त्या रात्री मी जेवले नाही. पण तो ग्राफ बाहेर गेला नाही याचं आज फार बरं वाटतं.

त्या आईबद्दल नंतर मी नोंदी काढून बघितल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त वजन तिचंच घटलं होतं. बाकीच्या तिघींना तेच इंजेक्शन जवळजवळ लागलंच नव्हतं. तेव्हापासून मी डोसवर विश्वास ठेवणं सोडलं आणि आईला मोजायला लागले, इंजेक्शनच्या आधीचं वजन, दुसऱ्या दिवशीचं वजन, अंगाचं तापमान, आणि ठरावीक वेळी शेपटीतून थेंबभर रक्त आयएल-६ साठी. आता गरोदरपणाच्या आधीच वेगळ्या माद्यांमध्ये लॉट तपासते आणि मादीगणिक उत्तर किती जोराचं येतं तेही बघते, कारण एकाच जातीच्या, एकाच वयाच्या माद्या सुद्धा सारख्या नसतात, आणि गरोदर होण्याआधी जिचं उत्तर जसं आलं त्यावरून तिच्या पिल्लांचं पुढे काय होईल याचा काही अंदाज येतो हेही आता छापून आलंय. सारखाच डोस दिला तरी काही पिल्लं बदलतात आणि काही अजिबात बदलत नाहीत. न बदललेली पिल्लं म्हणजे फसलेला प्रयोग नाही, ती का वाचली हा प्रश्न माझ्या मते जास्त मोलाचा आहे, आणि पुढची दोन वर्षं मी त्यावरच काढणार आहे.

दुसरे पर्याय विचारतात म्हणून थोडक्यात. एलपीएस, म्हणजे तेच बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन, स्वस्त आणि झटकन काम करणारं, पण त्याला आईचं शरीर देतं ते बॅक्टेरियाविरुद्धचं उत्तर, गर्भ जाण्याची भीतीही असते. खरा फ्लूचा व्हायरस वापरायचा तर बायोसेफ्टीची सोय लागते, पण खरेपणा त्यात आहे, कारण खरा आजार एक-दोन दिवसांत संपत नाही. माकडांवर साधं पॉली आयसी टिकत नाही, त्यांच्या रक्तात ते लवकर तुटतं, म्हणून पॉलीलायसिनने स्थिर केलेलं वापरतात, आणि २०१४ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांमध्येही तेच तेच करण्याचं वागणं वाढलेलं आणि आपल्यांशी संवाद साधणारे आवाज कमी झालेले दिसले. म्हणजे हे नुसतं उंदरांपुरतं नाही, हे मान्य करावं लागतं.

आता घाबरलेल्या आयांसाठी. माझी धाकटी बहीण चौथ्या महिन्यात फ्लूने पडली, १०२ ताप, आणि रात्री तिचा फोन, "ताई, तू उंदरांवर हेच करतेस ना, मग माझ्या बाळाचं काय होणार?" मला आधी काही बोलताच आलं नाही, कारण माझ्याच कामाचे शब्द तिने कुठेतरी वाचून माझ्यासमोर धरले होते. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. आम्ही उंदराच्या आईला जे देतो ते मुद्दाम जोराचं देतो, परिणाम दिसावा म्हणून डोस आणि दिवस शोधून काढलेला असतो, आणि तरीही कित्येक पिल्लं नॉर्मल निघतात. माणसांमध्ये या विषयाला सुरुवात झाली ती साथींच्या अभ्यासातून, १९५७ च्या फ्लूच्या साथीत हेलसिंकीमधल्या ज्या आया गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत होत्या त्यांच्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया जास्त आढळल्याचं १९८८ मध्ये आलं, आणि १९६४ च्या अमेरिकेतल्या रुबेलाच्या साथीनंतर स्टेला चेस यांनी जन्मतः रुबेला असलेली २४३ मुलं तपासली तेव्हा त्यांच्यात ऑटिझम नेहमीपेक्षा खूप जास्त सापडला. पण रुबेलाचा व्हायरस स्वतः बाळापर्यंत जातो, ती गोष्ट वेगळी. आणि स्वीडनमधल्या लाखो मुलांवरच्या २०२२ च्या अभ्यासात गरोदरपणात इन्फेक्शन झालेल्या आयांच्या मुलांमध्ये ऑटिझम थोडा जास्त दिसला खरा, पण गरोदर होण्याच्या आधीच्या वर्षात इन्फेक्शन झालेल्या आयांच्या मुलांमध्येही तो तसाच जास्त दिसला, आणि एकाच आईची भावंडं एकमेकांशी ताडून बघितली तेव्हा तो संबंध उरला नाही. म्हणजे त्या आकड्यांमागे कुटुंबात आधीपासून असलेलं काही असण्याची शक्यता मोठी. गरोदरपणात ताप येऊन गेलेल्या आयांची मुलं बहुतांशी ठीकच असतात.

मग तिला म्हटलं, ताप अंगावर काढू नकोस, आत्ताच डॉक्टरांना फोन कर, त्या सांगतील तेच औषध घे, पाणी पी. फ्लूची लस गरोदरपणात घ्यायला सांगतात, जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, ती तू घेतली नव्हतीस तर पुढचं डॉक्टरांशी बोल. रुबेलाची लस मात्र गरोदर होण्याच्या आधीच घ्यायची असते. आणि स्वतःला दोष द्यायचा नाही, फ्लू तू बोलावला नव्हतास. ती रडली थोडी, मग झोपली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता.

या फोननंतर मी माझ्या पेपरमधलं एक वाक्य बदललं. "आईच्या इन्फेक्शनमुळे ऑटिझम होतो" याच्या जवळ जाणारं ते वाक्य होतं, तिथे आता लिहिलंय की ठरावीक डोसला, ठरावीक दिवशी, काही माद्यांच्या काही पिल्लांमध्ये वागणुकीचे हे हे बदल दिसले. एका रिव्ह्यूअरने लिहिलं की हे फारच मिळमिळीत झालंय. मी तसंच ठेवलं.

प्रॉडक्ट म्हणून माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एक तारा कापला लॉटमधल्या फरकासाठी, कारण धाग्याची लांबी आणि एंडोटॉक्सिन दोन्ही मोजून लेबलवर छापणं कंपन्यांना जमण्यासारखं आहे आणि काही जण छापतातही, आणि अर्धा त्या मिठाच्या वजनासाठी. शक्य असेल तर ठरावीक लांबीचं, एंडोटॉक्सिन तपासलेलं घ्या, महाग पडतं पण आठ माद्या आणि सहा महिने गमावण्यापेक्षा परवडतं. एकाच लॉटच्या जितक्या कुप्या सगळ्या प्रयोगाला लागतील तितक्या एकदमच मागवा. विरघळवल्यावर छोटे छोटे भाग करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. माझ्या आत्ताच्या लॉटच्या नऊ कुप्या उणे २० ला आहेत, प्रत्येकीवर मार्करने लॉट नंबर आणि तपासणीच्या माद्यांचं सरासरी घटलेलं वजन लिहिलंय, कुणाला तपासणीचा प्रोटोकॉल हवा असेल तर विचारा, पाठवते.